सुताराचा बाक आणि त्याची पकड

रंधा पुढे ढकलला की लाकूडही पुढे सरकू पाहते. करवत चालू लागली की फळी थरथरते, पटाशीवर मोगरी बसली की तुकडा जागचा उडतो. हत्याराला धार कितीही असो, समोरचे लाकूड हलत असेल तर ती वाया जाते. सुतारकामाच्या इतिहासात हत्यारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लाकूड धरून ठेवणाऱ्या साधनांविषयी त्या मानाने फार थोडे. वास्तविक एखाद्या काळातला कामाचा बाक आणि त्यावरचा व्हाइस पाहिला, तर त्या काळातला कारागीर कोणती कामे करत होता आणि त्याची हत्यारे कोणत्या दिशेने चालत होती, हे हत्यारांच्या पेटीइतकेच स्पष्ट कळते.

बाकाकडून सुताराच्या अपेक्षा मुळात तीन. फळी आडवी ठेवून तिच्या रुंद बाजूवर रंधा मारता आला पाहिजे. ती उभी धरून तिची कड सरळ करता आली पाहिजे. आणि तिच्या टोकाशी कुसू किंवा खाच कापताना ती घट्ट राहिली पाहिजे. नक्षी कोरणाऱ्याची यात आणखी एक अपेक्षा मिळते: काम चालू असताना तुकडा वारंवार फिरवता यावा आणि फिरवल्यावर पुन्हा तितकाच घट्ट बसावा. गेल्या दोन हजार वर्षांत झालेले बाकाचे सगळे प्रकार या तीन-चार गरजांतूनच निघाले. एकाच बाकाने सगळ्या गरजा सारख्या भागवल्या, असे मात्र कधीच घडले नाही.

युरोपातला सर्वांत जुना परिचित बाक रोमन आहे आणि तो गुडघ्याइतकाच उंच आहे. एका जाड फळीला खालून भोके पाडून त्यांत बाहेरच्या बाजूला कललेले पाय ठोकले की हा बाक तयार होई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावातल्या एका भित्तिचित्रात पंख असलेली दोन बालके अशाच बाकावर करवत चालवताना दिसतात. अठराव्या शतकात या चित्राचे छाप प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे ते सर्वांच्या ओळखीचे झाले. प्रत्यक्ष लाकडी बाक जर्मनीतल्या साल्बुर्ग येथे मिळाले. रोमन साम्राज्याच्या सीमेवरचा हा किल्ला आजच्या फ्रँकफुर्ट शहराजवळ आहे. तिथल्या विहिरींच्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून दुसऱ्या शतकातले लाकूड कुजले नाही.

या ठेंगण्या बाकावर सुतार घोड्यावर बसावे तसा बसे, किंवा एक गुडघा फळीवर रोवून तिला दाबून धरे. शरीराचे वजन हाच पहिला व्हाइस होता. त्याच्या जोडीला दोन साधने होती. पहिले म्हणजे बाकातल्या भोकांत बसवलेल्या खुंट्या; लाकूड त्यांना टेकवले की रंध्याच्या धक्क्याने ते पुढे जात नसे. दुसरे साधन हर्क्युलेनियमच्या चित्रातही दिसते. तो एका टोकाला वाकवून चपटा केलेला लोखंडी गज असतो. इंग्रजीत त्याला होल्डफास्ट म्हणतात. गज भोकात सैल उतरतो आणि वाकलेले टोक लाकडावर टेकते. वरून हातोडीचा एक ठोका दिला की गज भोकात तिरपा अडकतो व लाकूड दाबून धरतो. मागच्या अंगाला ठोका दिला की सुटतो. त्याला आटे नाहीत, दांडा नाही, तेलपाणी नाही. सुताराच्या बाकावरच्या सगळ्या साधनांत दीर्घायुषी कोण, असे विचारले तर मान या गजालाच द्यावा लागेल. आजही लोहार तो जवळपास त्याच आकारात घडवतात.

रोमन सुतारांजवळ मळसूत्राचा व्हाइस असल्याचा पुरावा मिळत नाही, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. मळसूत्र त्यांना चांगले माहीत होते. ऑलिव्हचे तेल आणि द्राक्षांचा रस काढण्याचे दाबयंत्र पहिल्या शतकात मळसूत्रावर चालत होते. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तर लाकडाच्या भोकात आतून आटे पाडण्याचे साधनही वर्णन केले आहे. म्हणजे ज्ञान होते आणि हत्यारही होते. तरी हे मळसूत्र सुताराच्या बाकावर यायला आणखी जवळजवळ चौदाशे वर्षे गेली. याचे कारण कारागिरांच्या मंदपणात शोधू नये. पाचर, खुंटी आणि गज यांनी लाकूड क्षणात धरले जाते व क्षणात सुटते. दिवसभरात शेकडो वेळा तुकडा उलटापालटा करणाऱ्याला पकडीच्या जोरापेक्षा हा वेग अधिक मोलाचा वाटतो. मळसूत्राची खरी गरज पडली ती सुतारकाम बदलल्यावर.

हा बदल मध्ययुगाच्या उत्तरार्धात झाला. जाड तुळया आणि खिळे ठोकलेल्या फळ्या यांच्या जागी चौकटीत बसवलेले पातळ तक्ते, कुसू-खाचेचे नेमके सांधे, पेट्या आणि कपाटे येऊ लागली. घरे उभारणारा सुतार आणि सामान घडवणारा सुतार यांचे धंदे वेगळे झाले. सामान घडवणाऱ्याचा बराच वेळ रंध्यापाशी जाऊ लागला आणि लांब फळीवर लांब रंधा सरळ न्यायचा तर उभे राहून, चालत-चालत न्यावा लागतो. न्यूरेम्बर्ग शहरात कोनराड मेंडेल या व्यापाऱ्याने १३८८ मध्ये बारा वृद्ध कारागिरांसाठी एक आश्रम स्थापन केला होता. तिथे राहून गेलेल्या प्रत्येकाचे, आपल्या धंद्याचे काम करतानाचे चित्र एका वहीत काढून ठेवण्याची प्रथा १४२५ च्या सुमारास सुरू झाली. त्या वहीतल्या सुरुवातीच्याच एका चित्रात एक सुतार उंच बाकापाशी उभा राहून रंधा मारतो आहे. मध्ययुगीन कारागिरांच्या अभ्यासात या वहीची बरोबरी करणारा दुसरा चित्रसंग्रह मिळणे कठीण.

त्याच न्यूरेम्बर्गमध्ये १५०५ मध्ये मार्टिन ल्योफेलहोल्त्स याने यंत्रांची आणि अवजारांची एक सचित्र पोथी तयार केली. ती पुढे बर्लिनमध्ये होती. आता पोलंडमधल्या क्राकूव्ह शहराच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे. या पोथीतल्या बाकाच्या उजव्या टोकाला मळसूत्रावर सरकणारा एक लाकडी ठोकळा दिसतो. ठोकळ्यात एक खुंटी आणि बाकाच्या कडेने एका ओळीत पाडलेल्या भोकांत दुसरी. फळी या दोघींच्या मध्ये ठेवून मळसूत्र फिरवले की ती दोन्ही टोकांनी चिमटली जाते आणि तिची वरची बाजू पूर्ण मोकळी राहते. वर गज नाही, खिळा नाही, रंध्याच्या वाटेत काहीच नाही. पुढे जर्मन बाक म्हणून जो ओळखला गेला, त्याचे हे मुख्य लक्षण. छपाईच्या दाबयंत्रातही लाकडी मळसूत्र पन्नासएक वर्षांपूर्वीच आले होते. ते चांगले घडवणारे हात आता जर्मन शहरांत तयार झाले होते.

असे मळसूत्र घडवणे हे स्वतःच एक कसबाचे काम होते. कठीण, दाट कणाच्या लाकडाचा दांडा लेथवर गोल करायचा, त्यावर चढती रेघ आखून घ्यायची आणि करवत-पटाशीने आटे कापायचे. त्याला जुळणारे आतले आटे ठोकळ्याच्या भोकात कापायचे, तेही पोलादी पाते बसवलेल्या खास हत्याराने एकेक थर खरवडत. आटे बारीक ठेवले तर लाकूड तुटते; म्हणून लाकडी मळसूत्राचे आटे जाड आणि लांब अंतराचे असत. त्यामुळे एकाच फेऱ्यात जबडा बराच सरके. हा अनपेक्षित फायदा पुढे बारीक आट्यांच्या लोखंडी मळसूत्रात हरवला.

सतराव्या शतकापासून बाकाचे वर्णन छापील पुस्तकांत येऊ लागले. फ्रान्समध्ये आंद्रे फेलिबियाँ यांचे १६७६ चे पुस्तक वास्तुकला, शिल्प आणि चित्रकला यांविषयी होते. त्यातल्या सुतारकामाच्या चित्रांचा आधार लंडनच्या जोसेफ मॉक्सनने घेतला. मॉक्सन नकाशे आणि पृथ्वीगोल बनवणारा, छापखाना चालवणारा माणूस होता. त्याने १६७८ पासून निरनिराळ्या हस्तव्यवसायांवर लहान भाग छापून विकायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. त्याच्या चित्रातल्या बाकाच्या पुढच्या अंगाला दोन मळसूत्रांचा रुंद व्हाइस आहे. दोन मळसूत्रांच्या मधली जागा पूर्ण रिकामी असल्याने रुंद फळी तीत उभी उतरवता येते आणि तिच्या टोकाशी सांधे कापता येतात. एकाच मळसूत्राच्या व्हाइसमध्ये फळी एका बाजूला धरली की जबडा तिरका होतो. दोन मळसूत्रांत ती अडचण उरत नाही.

मॉक्सनचे वर्णन मात्र बाहेरून पाहणाऱ्याचे आहे. आतून लिहिणारा माणूस मिळायला आणखी शतक जावे लागले. आंद्रे-जाकोब रूबो (१७३९–१७९१) हा पॅरिसमधल्या सुताराचा मुलगा, स्वतः सुतार आणि वास्तुकार ब्लाँदेल याचा विद्यार्थी. फ्रेंच विज्ञान अकादमी त्या काळात देशातल्या सगळ्या कलाकौशल्यांची वर्णने प्रसिद्ध करत होती. त्या मालेत सुतारकामावरचा त्याचा ग्रंथ १७६९ ते १७७५ या काळात निघाला. साडेतीनशेहून अधिक चित्रफलक असलेला हा ग्रंथ लिहिणारा माणूस दिवसा कामावर जात होता, हे लक्षात घेतले की त्याच्याविषयी आदर दुणावतो. पॅरिसच्या धान्यबाजारावरचा १७८३ मध्ये पूर्ण झालेला प्रचंड लाकडी घुमट त्याच्याच हाताखाली उभा राहिला. १८०२ च्या आगीत तो नष्ट झाला.

रूबोचा बाक म्हणजे एकाच ओंडक्यातून काढलेला तक्ता. जाडी पाच ते सहा फ्रेंच इंच, म्हणजे साडेतेरा ते सोळा सेंटिमीटर. रुंदी वीस ते चोवीस इंच. लांबी सहा ते बारा फूट, बहुधा नऊ. तक्ता एल्म किंवा बीच लाकडाचा, पाय ओकचे. पाय तक्त्याच्या आत सरकवलेले नसून त्याच्या पुढच्या कडेशी अगदी सपाटीत आहेत आणि ही गोष्ट वरवर दिसते तितकी किरकोळ नाही. पाय आणि कड एका पातळीत असल्यामुळे बाकाची अख्खी पुढची बाजू एक उभी भिंत होते. दार किंवा लांब फळी तिला टेकवून उभी करता येते, पायांतल्या भोकांत गज किंवा खुंटी घालून खालून आधार देता येतो. तक्त्यावर डावीकडे चौकोनी भोकातून वर-खाली होणारा एक ठोकळा. त्याच्या डोक्यात दातेरी लोखंडी पट्टी बसवलेली. फळीचे टोक त्या दातांवर आपटले की ती अडकते आणि रंध्याच्या प्रत्येक धक्क्याने अधिकच घट्ट बसते. पुढच्या कडेला डाव्या टोकाशी एक लाकडी आकडा. फळी कडेवर उभी करून तिचे टोक त्यात सारले की कडेवर रंधा मारता येतो. एवढ्या साधनांवर व्हाइसशिवाय बहुतेक सगळे सुतारकाम होते. जडपणा हाही येथे पकडीचाच भाग आहे, कारण बाक हलला तर त्यावरची कोणतीही पकड निरुपयोगी.

तरीही रूबोने व्हाइसचे चित्र दिले आहे. बाकाच्या पायाला समांतर असा एक लांब उभा जबडा, मध्ये मळसूत्र आणि तळाशी भोके पाडलेली एक आडवी पट्टी. पट्टीच्या भोकात खुंटी घालून जबड्याचे खालचे टोक पायापासून ठराविक अंतरावर अडवायचे आणि मग मळसूत्र पिळायचे. खालची खुंटी टेकू होते, जबडा तरफ होतो आणि वरच्या टोकाशी लाकूड घट्ट चिमटले जाते. लाकडाची जाडी बदलली की वाकून खुंटीची जागा बदलावी लागते. हा त्रास खरा आहे; पण इतक्या साध्या साहित्यात इतकी मजबूत पकड देणारी दुसरी रचना युरोपात निघाली नाही.

रूबोच्याच ग्रंथात जर्मन बाकही आहे. पॅरिसमध्ये लाकडी पातळ पत्रे चिकटवून राजेरजवाड्यांचे सामान घडवणाऱ्यांत जर्मन भाषी कारागीर पुष्कळ होते. योहान हेन्रिख रीझनर हे त्यांतले प्रसिद्ध नाव. त्यांच्या कामात गजाचा दाब किंवा दातेरी पट्टीचा ओरखडा परवडण्यासारखा नव्हता, आणि दोन खुंट्यांमध्ये फळी चिमटणारा बाक त्यांना सोयीचा होता. साधी दारे-खिडक्या करणारा फ्रेंच सुतार मात्र आपल्या जुन्या बाकावर समाधानी राहिला. एकाच शहरात, एकाच काळात दोन बाक नांदत होते, कारण दोन धंदे नांदत होते.

इंग्लंडने तिसरी वाट काढली. पीटर निकल्सनच्या १८१२ च्या पुस्तकातल्या बाकाचा तक्ता पातळ आहे. बळकटी आहे ती पुढच्या अंगाला उभ्या लावलेल्या रुंद फळीत. त्या फळीत ओळीने भोके पाडलेली असत आणि लांब लाकडाचे दुसरे टोक त्यांतल्या खुंटीवर टेके. स्वस्त देवदार जातीच्या फळ्यांतून, खिळे-स्क्रू वापरून असा बाक दोन दिवसांत उभा राहतो. घरबांधणीच्या जागी जाऊन काम करणाऱ्यांना असाच बाक हवा होता. स्कँडिनेव्हियात जर्मन बाकाला एक चांगली जोड मिळाली. पुढच्या व्हाइसचे मळसूत्र बाकाला जोडलेल्या बाहेरच्या भुजेतून येते. त्यामुळे जबड्यांमध्ये मळसूत्र आडवे येत नाही आणि उभी फळी थेट खालपर्यंत जाते. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमोन याने १८७० च्या दशकात हस्तव्यवसायाच्या शिक्षकांसाठी जी शाळा चालवली, तिच्यामुळे असे बाक लहान आकारात अनेक देशांतल्या शाळांपर्यंत पोचले.

एकोणिसाव्या शतकात लोखंड आले. लेथवर कापलेले लोखंडी मळसूत्र स्वस्त झाले आणि ओतीव लोखंडाचे जबडे कारखान्यात तयार होऊ लागले. पण बारीक आट्यांचा दांडा फिरवत-फिरवत जबडा उघडायचा म्हणजे वेळ जातो. यॉर्कशरमधल्या शिप्ली गावच्या पार्किन्सन कारखान्याने यावर झटपट सुटणारा व्हाइस काढला. त्यात मळसूत्राभोवती पूर्ण नट नसून अर्धाच असतो. खटका दाबला की तो आट्यांपासून खाली सरकतो आणि जबडा हाताने सरळ ओढता येतो. खटका सोडला की अर्धा नट पुन्हा आट्यांत बसतो आणि अर्ध्या फेऱ्यात लाकूड घट्ट होते. रोमन गजाचा वेग अशा रीतीने मळसूत्राला परत मिळाला. शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ छापाचे याच जातीचे व्हाइस विसाव्या शतकात जगभर गेले. त्यांतला नऊ इंची जबड्याचा साडेबावन्न क्रमांकाचा नमुना इतका रुळला की भारतासह अनेक देशांतल्या कारखान्यांनी तोच समोर ठेवून आपले व्हाइस ओतले.

सुताराच्या बाकाची कथा सरळ फळीची आहे. नक्षी आणि मूर्ती कोरणाऱ्याची कथा याहून वेगळी. त्याची पटाशी दर घडीला दिशा बदलते, कारण लाकडाच्या शिरांच्या विरुद्ध गेली की कपची उडते. त्याला रंध्यासारखा अंगाचा भार द्यायचा नसतो, डोळ्यांजवळ बारीक काम पाहायचे असते; म्हणून त्याचा बाक सुताराच्या बाकापेक्षा उंच, साधारण कोपरापर्यंत येणारा असतो.

दक्षिण जर्मनीत १५०० च्या आसपास लिंडन वृक्षाच्या मऊ, एकसारख्या लाकडात चर्चसाठी भव्य मूर्ती कोरल्या गेल्या. टिलमान रीमेनश्नायडर हा त्या परंपरेतला मोठा शिल्पकार. या मूर्ती कोरताना ओंडका आडवा ठेवला जाई. बाकाच्या दोन टोकांशी दोन उभे ठोकळे, त्यांत लोखंडी टोके. एक टोक मूर्तीच्या डोक्यात आणि दुसरे तळात रुतवून ओंडका अधांतरी धरायचा आणि हवा तसा फिरवून अडकवायचा. अनेक मूर्तींच्या माथ्यावर आजही या टोकांची भोके सापडतात. काहींत नंतर लाकडी खुंटी ठोकून ती बुजवलेली असतात. मूर्ती मागून पोखरलेली असते, म्हणजे वाळताना लाकूड तडकत नाही. आणि हे पोखरणेही ओंडका फिरवता येत असल्यामुळेच सोपे होई. कलेच्या इतिहासकारांना कामाची पद्धत कळली ती या लहानशा भोकांवरून.

छोट्या मूर्तीसाठी यापेक्षा साधी युक्ती आहे. एका लोखंडी दांड्याच्या टोकाला निमुळते, लाकडात शिरणारे आटे. उरलेल्या भागाला मोठ्या नटसाठी आटे. निमुळते टोक मूर्तीच्या तळात पिळायचे, दांडा बाकाच्या भोकातून खाली सोडायचा आणि खालून पंखांचा नट आवळायचा. मूर्ती बाकावर एकाच बिंदूत धरली जाते; नट अर्धा फेरा सैल केला की ती हवी तिकडे वळते. चारही बाजूंनी पटाशीला वाट मोकळी. नटच्या पंखात चौकोनी भोक ठेवलेले असते. दांड्याचे दुसरे टोकही चौकोनी असल्याने नटच पाना बनून दांडा लाकडात पिळायच्या कामी येतो. कारागिराच्या गरजेतून निघालेल्या इतक्या नेटक्या वस्तू थोड्याच.

कोरणाऱ्याचा खास व्हाइस लाकडाचाच असतो. बाकावर उंच उभा राहणारा, खालून एका बोल्टने अडकवलेला, आणि म्हणून सगळाच्या सगळा फिरणारा. जबड्यांना बुचाचे आणि चामड्याचे अस्तर लावलेले असते, म्हणजे अर्धवट झालेल्या नक्षीवर वळ उठत नाहीत. पातळ नक्षीच्या बाबतीत मात्र कोणताही जबडा चालत नाही. तिथे लाकूड दुसऱ्या फळीवर मध्ये कागद घालून सरसाने चिकटवतात. काम झाले की पातळ पाते घालून कागद चिरायचा, नक्षी सुटते आणि मागे फक्त कागदाचा थर उरतो.

व्हाइसच्या कारागिरीचा कळस मात्र नक्षीवाल्यांनी नव्हे, ढाळकामासाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्यांनी गाठला. लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. तिच्या बाजू किंचित उतरत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर ती वाळूतून काढताना साचा ढासळतो; शिवाय थंड होताना धातू आकसतो तेवढी ती मोठी करावी लागते. पंपाचे कवच, दातेरी चाक, वळलेली नळी अशा आकारांत समांतर बाजू फारशा नसतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या वेन्सबरो गावच्या जोसेफ एमर्टने १८९१ मध्ये यासाठी जो व्हाइस पेटंट केला, तो स्वतःच्या आसाभोवती पूर्ण फिरतो, आडवा पाडून बाकाच्या पातळीत येतो आणि त्याचा पुढचा जबडा तिरपा होऊन उतरता तुकडाही सपाट धरतो. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीला १९१० पासून आणि पुढे कोल्हापूरच्या फाउंड्रीत जे ढाळकाम वाढले, त्याच्या मुळाशीही पॅटर्न करणारे असे सुतार होते. लोखंडी नांगराचा फाळ आधी लाकडात घडतो, मग लोखंडात.

ठेंगणा रोमन बाक सोडला, तर आतापर्यंतची सगळी साधने उभ्याने काम करणाऱ्याची झाली. बसून काम करणाऱ्यांची परंपरा तितकीच जुनी आणि तितकीच विचारपूर्वक घडलेली आहे. इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांतल्या बीचच्या जंगलात खुर्च्यांचे पाय तासणारे कारागीर विसाव्या शतकापर्यंत एका लाकडी घोड्यावर बसून काम करत. पायाने खालची दांडी पुढे रेटली की वरचे डोके लाकडावर दाबले जाई. दोन मुठींचे पाते आपल्याकडे जितक्या जोराने ओढावे, तितका पाय आपोआप जोरात रेटला जाई. पाय ढिला केला की लाकूड सुटले. येथे जोर आणि पकड एकमेकांना बांधलेले आहेत आणि म्हणून वेगाच्या बाबतीत या घोड्याला कोणताही व्हाइस गाठू शकला नाही. जपानी सुतार रंधा आणि करवत दोन्ही आपल्याकडे ओढतो. त्याला कललेली एक तुळई आणि तिच्या टोकाशी छोटा अडसर एवढे पुरते.

भारतीय सुताराची बैठक जमिनीवरची. पारंपरिक भारतीय करवतीचे दातही आपल्याकडे ओढताना कापतात आणि ओढण्याच्या कामात लाकूड धरायला पाय मोकळे असतात. उकिडवे बसून तळपायाने फळी दाबायची, टाचेने ती अडवायची, पायाच्या बोटांत छोटा तुकडा चिमटायचा; जोडीला एक खाच पाडलेला ठोकळा, एखादी पाचर, जमिनीत रोवलेली खुंटी. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. नांगर, बैलगाडीचे चाक, मोटेचे लाकूडकाम, दाराची चौकट ही त्याची कामे. त्यांतली बरीच जिथे वस्तू मोडली तिथेच जाऊन करायची. वाकस, पटाशी, सामता आणि करवत खांद्यावरून नेता येतात. दोन माणसांना न उचलणारा बाक नेता येत नाही. युरोपीय लेखकांनी या बैठकीला मागासलेपण म्हटले, तेव्हा त्यांनी हत्यारांची दिशा लक्षात घेतली नव्हती. ढकलणाऱ्या रंध्याला बाक लागतो. ओढणाऱ्या करवतीला पाय पुरतो. पैठण-नाशिकच्या वाड्यांतले कोरीव खांब आणि गोव्यातल्या चर्चमधल्या सोनेरी मुलामा दिलेल्या लाकडी वेदी पाहिल्या की या परंपरेच्या हातांविषयी शंका उरत नाही.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काळ्या शिसवी लाकडाचे, जाळीदार नक्षीने भरलेले सामान बनत होते आणि परदेशातही जात होते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला १८९० च्या दशकाच्या आरंभी लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा जोडल्या गेल्या आणि कोरीवकामासारखी कसबे शाळेच्या चौकटीत शिकवली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून व्हाइस लावलेल्या उंच बाकापाशी उभा राहू लागला. शाळेत उभा आणि इमारतीच्या कामावर जमिनीवर बसलेला, असे दुहेरी शिक्षण भारतीय सुताराच्या वाट्याला आले. ओढता आणि ढकलता येणारी दोन्ही प्रकारची हत्यारे त्याच्या पेटीत असतात, म्हणून ही अडचण न ठरता त्याचे बळ ठरली.

पश्चिमेत विसाव्या शतकात यंत्रांनी हातकामाची जागा घेतली आणि जड बाक अडगळीत गेले. त्याच काळात घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक नवे साधन निघाले. लोटस एलान या मोटारीचा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला अभिकल्पक रॉन हिकमन १९६१ मध्ये कपाट बनवत असताना आधाराला घेतलेली चांगली खुर्चीच करवतीने कापून बसला. त्यातून त्याने घडी होणारा असा बाक केला की ज्याचा अख्खा तक्ताच दोन फळ्यांचा व्हाइस होता. मोठ्या कंपन्यांनी नकार दिल्यावर त्याने तो स्वतः विकला. १९७२ मध्ये ब्लॅक अँड डेकर कंपनीने तो घेतला आणि ‘वर्कमेट’ नावाने त्याचे लाखो नग खपले. मॉक्सनच्या चित्रातली दोन मळसूत्रे येथे पुन्हा दिसतात.

जुन्या बाकांचा अभ्यास मात्र थांबला नाही. अमेरिकेत स्कॉट लँडिसने १९८७ मध्ये जगभरातल्या बाकांवर सविस्तर पुस्तक लिहिले. ख्रिस्तोफर श्वार्ट्झने रूबोचा बाक प्रत्यक्ष बांधून पाहिला, २००७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे साल्बुर्गच्या ठेंगण्या रोमन बाकाचीही प्रतिकृती केली. तेव्हापासून हाताने काम करणाऱ्यांत सोळा सेंटिमीटर जाडीचे तक्ते आणि तळाशी खुंटी बदलायचा पायाचा व्हाइस पुन्हा बनू लागला आहे. मॉक्सनचा दोन मळसूत्रांचा व्हाइस आता बाकापासून सुटा, वर ठेवता येण्याजोगा करतात; त्यामुळे सांधे कापणारा सुतार कोरीवकाम करणाऱ्याच्या उंचीवर येतो आणि रंधा मारायची वेळ आली की तो व्हाइस उचलून बाजूला ठेवतो.